लंगडे कळप

एल्क या हरणांच्या खुरांच्या रोगाचं संशोधन राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे सोपवणारा कायदा वॉशिंग्टन राज्यानं २०१७ मध्ये केला. त्याला आता दशक होत आलं. तेवढ्यात रोग आयडाहोत गेला आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, डेल नॉर्ट परगण्यात सापडला. ही शेवटची बातमी मला फार लागली, कारण याची सुरुवात आमच्या शेजारच्या कौलिट्झ खोऱ्यात झाली आणि ती पाहणारी माणसं तेव्हाच बोलत होती.

नव्वदच्या दशकाबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. कुणा शेतकऱ्याला, कुणा शिकाऱ्याला एखादा लंगडा एल्क दिसे. तुरळक नोंद होई आणि विषय तिथेच थांबे.

२००८च्या सुमारास चित्र पालटलं. मी तेव्हा कोलंबिया नदीकाठच्या व्हँकुव्हरमध्ये राहत होतो. सुट्टीच्या दिवशी सेंट हेलेन्सच्या पायथ्याशी, टूटल नदीच्या बाजूला जायचो. १९८०च्या ज्वालामुखीनं भाजून काढलेल्या त्या जमिनीवर एल्क पुन्हा वाढले होते, आणि त्याचं मला केवढं अप्रूप होतं! मग त्याच कुरणांवर तीन पायांवर उड्या मारत चालणाऱ्या माद्या दिसू लागल्या. खूर वाढून कातरीच्या पात्यांसारखे एकमेकांवर चढलेले, बेचक्यात जखमा. काहींचं तर खुराचं कवचच गळून पडलेलं. आपल्याकडच्या लाळ्या-खुरकुताशी याचा संबंध नाही. तो विषाणूचा रोग, तोंडही सोलवटून काढणारा. इथे सगळा घाव पायांवर. मी वन्यजीव खात्याच्या एका कचेरीत कळवलं, तर दगड लागला असेल, असं उत्तर मिळालं. ते उत्तर मला आजही माफ करवत नाही. असं उत्तर मिळालेली माणसं त्या खोऱ्यात मला अनेक भेटली.

वन्यजीव खात्यानं २००९ मध्ये तपासणी हाती घेतली, २०१३ मध्ये तज्ज्ञांचा गट नेमला आणि २०१४ मध्ये बोट ठेवलं ते ट्रेपोनेमा या मळसूत्री जिवाणूंवर. दुभत्या गाईंच्या पायांना होणाऱ्या त्वचारोगात सापडतात, त्यांचेच हे जवळचे नातलग. गोठ्यातल्या गाईचे पाय औषधी पाण्यातून काढता येतात. डोंगरात फिरणाऱ्या कळपाला ते कुणी करायचं?

त्या वर्षांतल्या जाहीर बैठका आठवल्या की अजून संताप येतो. लाकूड कंपन्या तोडलेल्या जंगलावर तणनाशकं फवारतात, त्यामुळेच हे होतं, असं बरेच शिकारी ठामपणे म्हणत. प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. फवारणीनं चारा बदलतो, आणि त्या भागातल्या एल्कच्या अंगात तांबं व सेलेनियम कमी आढळलं होतं. पण फवारणीमुळे हा रोग होतो, असा पुरावा पुढे आला नाही. तरी वाद हटेना. आधी खात्यानं लोकांचं ऐकलं नव्हतं, आता लोक खात्याचं ऐकेनात. पहिला दोष मी खात्याच्याच पदरात घालीन, कारण विश्वास आधी त्यांनी घालवला.

पुलमनच्या राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे दाखवलं की रोगट खुरांनी दूषित झालेल्या मातीतून निरोगी एल्कला हा रोग लागतो. म्हणजे पश्चिमेकडचा आमचा पाऊस, चिखल आणि एकाच वाटेनं जाणारे कळप, सगळंच रोगाच्या सोयीचं. लस अजून नाही. रानातल्या कळपाला देता येईल असा उपचार नाही. शिकार केलेल्या एल्कचे खूर जागेवरच टाकून या, एवढा नियम २०१४ पासून आहे.

२०२१ पासून मात्र खातं रोगट खूर तपासणीसाठी मागतं आणि ते देणाऱ्या शिकाऱ्यांना विशेष परवान्याच्या सोडतीचं आमिष दाखवतं. योजना चांगली आहे, ती चालूच राहावी. पण टूटलकाठच्या ज्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांनी सगळ्यांआधी हे खूर पाहिले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आता बंदूक खाली ठेवली आहे. त्यांच्याकडे तेव्हा खूर कुणी मागितला नाही.