वीज आणि संगणक – लेखांक ५ : यूपीएस कशासाठी घ्यायचा?

अर्थिंगचा विषय मागच्या लेखांकात संपला. आता यूपीएसकडे वळू. दुकानात गेलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ‘बॅकअप किती तास?’ मावळात आणि लोणावळ्यात राहणाऱ्याने मात्र आधी विचारावं ते हे : लाईट गेल्यावर हा बॅटरीवर किती मिलिसेकंदांत येतो, आणि संगणक नीट बंद करायला पुरेल एवढा वेळ देतो का? यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नसतो, हातातलं काम सुखरूप आवरण्यासाठी असतो. हे एकदा पटलं की निवड सोपी होते.

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथे विजेलाही लागू पडते. वळवण, शिरवता आणि लोणावळा तलावांच्या पाण्यावर घाटाखाली खोपोलीला १९१५ पासून वीज तयार होते आहे. पण घरातली वीज खंडित होते ती बहुतेक वेळा निर्मिती कमी पडल्यामुळे नव्हे, तर उघड्यावरच्या ११ केव्हीच्या तारांमुळे. उन्हाळाभर तापलेल्या चिनीमातीच्या पिन इन्सुलेटरवर पहिला पाऊस पडला की त्यांना तडे जातात. तड्यांत पाणी मुरतं, वीज खांबातून जमिनीकडे वाट काढते आणि उपकेंद्रातला ब्रेकर पडतो. आषाढात वाऱ्याने फांदी तारेला टेकली तरी तेच घडतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मावळातले खांब आडवे झाले. तशा वेळी कुठलाच घरगुती यूपीएस पुरत नाही. पावसाळ्यात पुन्हापुन्हा होतं ते वेगळंच : डोळ्याचं पातं लवेपर्यंत लाईट जाऊन येते.

तेवढ्या वेळात पंखा फिरतच राहतो, ट्यूब मिचकते, संगणक मात्र बंद पडतो. आपल्या पुरवठ्यातलं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं आणि संगणकाचा एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. लाईन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस सहसा ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, म्हणून संगणकाला खंड जाणवतच नाही. तो नसेल तर नुकसान होतं ते लिहिण्याच्या क्षणी. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये पावती एका जागी आणि तिची सूची दुसऱ्या जागी लिहिली जाते. मध्येच वीज तुटली की एक झालेली, दुसरी राहिलेली. चांगले डेटाबेस अशी अर्धी नोंद मागे घेतात, पण सगळेच प्रोग्रॅम तेवढ्या काळजीने लिहिलेले नसतात. चिक्कीच्या दुकानातलं एक बिल पुन्हा करता येतं. बिघडलेल्या फाइलमधला वर्षाचा हिशेब पुन्हा उभा करणं फार अवघड.

‘घरात इन्व्हर्टर आहे की,’ असं कुणी म्हणेल. तो दिवे-पंख्यांसाठी उत्तम आहे, पण साध्या मोडवर त्याला पालटायला अनेकदा २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. त्यावर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते आधी चालू करावं. सोसायटीच्या जनरेटरला सुरू व्हायला काही सेकंद तरी लागतात. ती फट भरायला यूपीएस लागतोच. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा आक्षेप खरा आहे. तिथे राउटर आणि फायबरच्या डबीपुरता छोटा १२ व्होल्टचा यूपीएस पुरतो.

आता आकारमान. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. आत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे ८४ वॉट-तास. १२० वॉटच्या संगणकाला कागदावर ४० मिनिटं मिळतात. प्रत्यक्षात निम्मी धरावीत. आवरायला तेवढी भरपूर झाली. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, त्याचा हीटर एकदम फार वीज ओढतो. यूएसबी जोड असेल तर खोक्यात पडून राहिलेली केबल संगणकाला लावून सेटिंग करावं, म्हणजे माणूस जागेवर नसला तरी संगणक स्वतःहून बंद होईल. महिन्यातून एकदा फाइल सेव्ह करून यूपीएसचं बटण भिंतीवर बंद करून पाहावं. बॅटरी तीन-चार वर्षांत दमते, आणि ते कळण्याची वेळ ऐन पावसात येऊ नये. जवळ वीज कोसळत असेल तेव्हा मात्र यूपीएसच्या भरवशावर राहू नये; गडगडाट जवळ येण्याआधीच संगणक बंद करून पिना काढून ठेवाव्यात.

दमलेल्या बॅटरीत शिसं आणि आम्ल असतं, ती कचऱ्यात टाकता येत नाही. तिचं काय करायचं, ते पुढच्या लेखांकात.