गावाची लोकसंख्या कोणत्या महिन्यातली?

इराणच्या केरमान प्रांतात, शहर-ए-बाबक जिल्ह्यात, मेयमंद हे फारसी बोलणारं गाव आहे. मऊ खडकात कोरलेली घरं आणि तिथली राहणी यांमुळे २०१५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पर्यटक ती घरं पाहायला जातात. पण या गावाबद्दल विचारण्याजोगा आणखी एक प्रश्न आहे: इथे माणसं राहतात किती?

याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. मेयमंदकर शेळ्यामेंढ्या पाळतात, बागा राखतात आणि वर्षात तीन ठिकाणी बिऱ्हाड मांडतात. थंडी ओसरली की कळप घेऊन ते चराईच्या माळांवर जातात. त्या वस्तीला ‘सर-ए-आगोल’ म्हणतात. उन्हाळ्यात मुक्काम ओढ्याकाठच्या बागांपाशी, ‘सर-ए-बाग’ला हलतो. हिवाळ्यात सगळे खडकातल्या उबदार घरांत परततात. तिन्ही ठिकाणं मिळून एकच गाव होतं.

कागदावरचं गाव मात्र एकाच जागी असतं. इराणमध्ये ३१ प्रांत आहेत; त्यांना ओस्तान म्हणतात. ओस्तानात शहरेस्तान, म्हणजे जिल्हा. त्याच्या पोटात बख्श. आणि बख्शात देहेस्तान, म्हणजे गावांचा गट. ही उतरंड १९३७ च्या कायद्याने घातली. पुढे १९८३ च्या कायद्याने गावाची व्याख्याही ठरवली: किमान २० कुटुंबं किंवा १०० माणसं. शहर म्हणवून घ्यायला त्या वेळी १०,००० वस्ती लागायची. ही अट नंतर शिथिल झाली. आज गीलान प्रांतातलं मासूले काही शे वस्ती असूनही कागदोपत्री शहर आहे, तर त्याहून मोठी कितीतरी गावं गावंच राहिली आहेत.

या पायऱ्यांवर गावकऱ्यांचे हक्क ठरतात. १९९९ साली देशभर गावपरिषदांच्या पहिल्या निवडणुका झाल्या. दीड हजारापर्यंत वस्तीच्या गावाला तीन सदस्य, त्याहून मोठ्याला पाच. ही परिषद देहयार निवडते आणि त्याच्या नेमणुकीचा हुकूम बख्शचा प्रमुख, बख्शदार, काढतो. रस्ता, कचरा, बांधकामाची परवानगी ही कामं देहयारकडे येतात. पूर्वी गावाचा कारभार कदखुदा पाहायचा आणि त्याच्यावर बहुधा जमीनदाराचा वरचष्मा असायचा. आजचा देहयार लोकांनी निवडलेल्या परिषदेला उत्तरदायी आहे. हा बदल मोठा आहे, म्हणूनच परिषदेच्या पायाशी असलेला लोकसंख्येचा आकडा खरा असायला हवा.

इराणची पहिली सर्वंकष जनगणना १९५६ ची, आठवी २०१६ ची. या साठ वर्षांत शहरी लोकसंख्येचं प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेलं. गावं ओस पडली, तरुण तेहरान-इस्फहानकडे गेले. बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलेल्या वस्त्यांची नावं जनगणनेच्या तक्त्यात येतात, पण त्यांचा आकडा छापत नाहीत, कारण एवढ्या थोड्या घरांत कोणाचीही खासगी माहिती सहज ओळखू येते. टोळ्यांनी फिरणाऱ्या भटक्यांची स्वतंत्र गणना १९८७, १९९८ आणि २००८ साली झाली. मेयमंदसारखं गाव या दोन्हींच्या मधे पडतं: पूर्ण स्थिर नाही, पूर्ण भटकं नाही.

मेयमंद जगाला महत्त्वाचं वाटलं ते खडकाइतकंच त्यातल्या माणसांच्या फिरत्या राहणीमुळे. वारसा म्हणून जे जपायचं, त्याचीच नोंद सरकारी तक्त्यात नसेल, तर हळूहळू घरं तेवढी उरतील आणि राहणारे निघून जातील. अशा गावांच्या नोंदीत एका आकड्याऐवजी तीन हवेत: हिवाळ्याचा, माळावरचा आणि बागेपाशी राहणाऱ्यांचा. मग शाळा, दवाखाना आणि पाण्याची सोय कुठे, कोणत्या महिन्यात करायची, याचा निर्णय त्या माणसांच्या खऱ्या वर्षाकडे पाहून घेता येईल.