दारावरच्या घंटेची परवल

दाराच्या चौकटीशेजारी बसवलेली कॅमेऱ्याची घंटा, जिला व्यवहारात व्हिडिओ डोअरबेल म्हणतात, ही सिन्नरमधील घरातून निघून माळेगाव किंवा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर गेलेल्या माणसाला दारात कोण उभे आहे हे मोबाइलवर दाखवू शकते. मात्र घरातील राउटर, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट बिनतारी लहरींच्या रूपाने घरभर पसरवणारे यंत्र, बदलले की तीच घंटा मुकी होते. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकतो, पण मोबाइलवर चित्र येत नाही, आणि घंटा बिघडली असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा असतो, कारण घंटा त्या वेळी आपले काम चोख करीत असते: जुन्या जाळ्याची, म्हणजे वायफाय नेटवर्कची, किल्ली जवळ बाळगून ती त्याच जाळ्याला हाका मारीत राहते आणि दुसऱ्या कोणत्याही जाळ्यात शिरत नाही.

या हटवादीपणाचे मोल बिनतारी घंटेच्या इतिहासात दिसते. जगदीशचंद्र बसू यांनी 1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जो जाहीर प्रयोग केला, त्यात विद्युतचुंबकीय लहरी भिंतींतून आणि वाटेत असलेल्या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातूनही आरपार गेल्या, दूरच्या खोलीतील घंटा वाजली आणि थोडी बंदुकीची दारूही पेटली. यासाठी लागणारी उपकरणे बसूंनी एका स्थानिक पत्राकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून घडवली होती, हे ध्यानात घेतले तर या यशाची उंची अधिकच जाणवते. रेडिओची कथा मार्कोनीपासून सुरू करण्याची आणि बसूंना वनस्पतींच्या संवेदनेपुरते स्मरणात ठेवण्याची सवय अन्यायकारक आहे, कारण भिंतीपलीकडची घंटा तारेवाचून वाजवण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी एक याच देशात झाला. बसूंच्या घंटेला मात्र कुलूप नव्हते. पुरेशी तीव्र लहर कोणीही सोडली असती तरी ती वाजली असती. पुढच्या शतकात जी भर पडली, ती मुख्यतः या कुलपाची.

किल्ल्याच्या दरवाजावरील पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो तेव्हा येणारा तो उच्चारतो, आणि तटाखाली दडून बसलेल्या शत्रूच्या कानावरही तो पडू शकतो. हवेतील लहरी तर शेजारच्या घरातही पोचत असल्याने तेथे हा धोका कायमचाच. वायफायमध्ये 2004 पासून रूढ झालेल्या डब्ल्यूपीए-2 या सुरक्षापद्धतीत म्हणून शब्द उच्चारलाच जात नाही. जाळ्याचे नाव आणि परवलीचा शब्द एकत्र घेऊन त्यांची एक ठरावीक गणिती घुसळण 4,096 वेळा केली जाते आणि तिच्यातून 256 बिटांची, म्हणजे शून्य आणि एक या अंकांच्या 256 घरांची, किल्ली तयार होते. मग राउटर एक यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम नसलेला, आकडा पाठवतो. घंटा आपला तसाच एक आकडा आणि किल्लीच्या आधारे काढलेली खूण पाठवते. राउटर स्वतःजवळच्या किल्लीने ती खूण पडताळतो, आणि एकूण चार निरोपांत ओळख पटते. परवलीचा शब्द या देवघेवीत एकदाही हवेत येत नाही, ही या योजनेची खरी शोभा आहे. यातून निघणारी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही: किल्लीत जाळ्याचे नावही मुरलेले असल्याने शब्द तोच ठेवून नावातील एक अक्षर बदलले, तरी किल्ली संपूर्ण निराळी होते.

घंटेला अक्षरफलक नसल्याने नवे नाव आणि नवा शब्द तिला सांगायचा कसा, या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर म्हणजे तिचाच डोळा वापरणे. बारीक छिद्रात पिन दाबून घंटेला मूळ स्थितीत आणले जाते आणि मोबाइलच्या पडद्यावर उमटलेला काळ्यापांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड तिच्या कॅमेऱ्यासमोर वीतभर अंतरावर स्थिर धरला जातो. काही क्षणांत घंटा तो वाचते आणि आवाज करून पोच देते. मासाहिरो हारा यांनी 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत हा कोड मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला, आणि ‘गो’ या पटावरील खेळातील काळ्यापांढऱ्या सोंगट्यांवरून त्यांना त्याची रचना सुचली होती.

एवढे करूनही जोडणी होत नसेल, तर कारण बहुधा वारंवारितेत, म्हणजे लहरीच्या दर सेकंदाच्या कंपनसंख्येत, असते. नवे राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात, तर अनेक घंटांना पहिलाच पट्टा कळतो. हा पट्टा भारतात 2005 मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असून 5 गिगाहर्ट्झच्या सहा सेंटिमीटरच्या लहरीपेक्षा ती भिंतीतून जाताना कमी क्षीण होते, म्हणून दाराबाहेरच्या घंटेला तीच सोयीची.

जाड भिंतींच्या घरात आणखी एक अडचण असते. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या सभामंडपासारख्या दगडी वास्तूत शब्द भिंतींवर आपटून मागाहून परत येतो आणि पुढच्या शब्दात मिसळतो, तसेच वायफायच्या लहरींचेही होते. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जो उपाय मांडला त्याला 1996 मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले: एकच वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी माहिती अनेक संथ उपप्रवाहांत वाटून द्यायची. या तत्त्वावरील वायफायमध्ये प्रत्येक संकेतामागे 0.8 मायक्रोसेकंदांची उसंत ठेवली गेली. तेवढ्या वेळात लहर 240 मीटर जाते, त्यामुळे घरातले सगळे प्रतिध्वनी त्या उसंतीत विरून जातात. हेडी लमार या अभिनेत्रीने वायफाय शोधले, हा समाजमाध्यमांवरचा दावा मात्र टिकत नाही. त्यांच्या 1942 च्या पेटंटातील वारंवारिता सतत बदलण्याची कल्पना मोलाची असली, तरी घरातले आजचे वायफाय या उपप्रवाहांवर उभे आहे.

ओसुलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, आणि त्यांच्या याच संस्थेचा महाराष्ट्राशी जुना धागा आहे. भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथील, सीएसआयआरओने वापरलेल्या 1.8 मीटर व्यासाच्या 32 तबकड्या भारतात मिळवल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने 1965 मध्ये कल्याणला त्या उभारून सूर्याच्या रेडिओ लहरींचे निरीक्षण सुरू केले. सिन्नरहून पुण्याकडे जाताना नारायणगावजवळच्या खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जी दुर्बीण आहे, ती त्याच स्वरूप यांची कामगिरी.

राउटर बदलताना घंटेला हात न लावण्याचीही एक वाट आहे. नव्या राउटरला जुन्याच जाळ्याचे नाव, जुनाच परवलीचा शब्द आणि जुनीच सुरक्षापद्धत, मोठ्यालहान अक्षरांसह आणि मोकळ्या जागांसह तंतोतंत दिली, तर 4,096 फेऱ्यांतून तीच किल्ली पुन्हा घडते आणि यंत्र बदलल्याची जाणीवही न होता घंटा आपोआप जोडली जाते. जुना शब्द पूर्वीच्या भाडेकरूला किंवा शेजाऱ्याला ठाऊक असेल तर मात्र तो बदलून, पिन आणि क्यूआर कोड घेऊन पुन्हा दारात उभे राहावे लागते.