नॉर्फोक परगणा व तेथील पिकांची फेरपालट

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्फोक हा परगणा आहे. त्याच्या उत्तरेस व पूर्वेस समुद्र असून भूमि बहुतेक सपाट आहे. पश्चिमेकडील पाणथळ रानाचा निचरा सतराव्या शतकांत पाट खणून व बांध घालून करण्यांत आला आणि तेथील काळी जमीन लागवडीस आली. परगण्याचा बराचसा उरलेला भाग मात्र हलक्या, वाळूमिश्रित जमिनीचा आहे. पाऊस वर्षास सुमारें २५ इंच, म्हणजे आपल्या देशावरील कमी पावसाच्या भागासारखाच. परंतु तो बारा महिने थोडाथोडा पडतो, हा मोठा भेद होय.

पूर्वीं हा मुलूख लोकरीवर जगे. जमीनदारांनीं मेंढ्यांसाठीं गायरानें कुंपणें घालून बळकाविलीं, तेव्हां १५४९ सालीं रॉबर्ट केट ह्याच्या पुढारीपणाखालीं सुमारें १६,००० लोक नॉर्विच शहराबाहेर जमले. सरकारी सैन्यानें बंड मोडलें व केट फांशीं गेला.

पुढें अठराव्या शतकांत येथील चौसाली फेरपालट प्रसिद्धीस आली. पहिल्या वर्षीं गहूं, दुसऱ्या वर्षीं सलगम, तिसऱ्या वर्षीं जव व चौथ्या वर्षीं क्लोव्हर नांवाचें द्विदल गवत, असा तिचा क्रम असे. सलगमाच्या ओळींतून खुरपणी होऊन तण मरे. हिवाळ्यांत त्याच शेतांत मेंढ्या बसवून त्यांना तें चारीत. त्यांच्या लेंडीनें हलकी जमीन सकस होई. क्लोव्हरच्या मुळांवरील गांठींत हवेंतील नत्र सांठतो व तो पुढील गव्हास मिळतो. त्यामुळें जमीन पड टाकण्याची गरज उरली नाहीं. लॉर्ड टाउनशेंड (मृत्यु १७३८) ह्यांनीं सलगमाचा पुरस्कार केला. होल्कमचे जमीनदार कोक (१७५४–१८४२) ह्यांनीं कुळांस दीर्घ मुदतीचे पट्टे दिले. त्यामुळें जमिनींत चुनखडीची माती व खत घालण्यास कुळें धजलीं.

ह्या सुधारणेचा लाभ सर्वांस सारखा झाला नाहीं. उरलीं-सुरलीं गायरानें कुंपणाआड गेलीं. ज्यांची एखादी गाय त्यावर चरे, ते निव्वळ मजूर झाले. १८३० सालीं अशाच मजुरांनीं मळणीयंत्रें फोडलीं. १९१२ सालीं कँटली येथें बीटापासून साखर करण्याचा कारखाना निघाला, आणि सलगमाची जागा पुष्कळ ठिकाणीं बीटानें घेतली.

आपल्या वाचकांस ह्यांतून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. मेंढ्या बसविणें व बेवडासाठीं तूर, हरभरा किंवा ताग घेणें आपल्या वाडवडिलांसहि ठाऊक होतें. धान्यावर धान्य घेण्याच्या मोहांत तें सोडूं नये. दुसरी गोष्ट, एका वर्षाच्या बोलीनें अर्धेलीनें कसणारा मनुष्य जमिनींत खत कां घालील? त्याचें फळ पुढील वर्षीं दुसऱ्यासच मिळावयाचें. जमिनीचा कस टिकावा असें ज्या मालकास वाटतें, त्यानें कसणाऱ्याचाहि भरंवसा टिकविला पाहिजे.