अडाणी रुग्ण की अडवलेली माहिती?

अँजिओग्राफी चालू असताना डॉक्टर बाहेर येतात, पडद्यावरची शीर दाखवतात आणि विचारतात, "ब्लॉकेज नव्वद टक्के आहे, स्टेंट आत्ताच टाकून घ्यायचा का?" नातेवाईक "तुम्ही म्हणाल तसं" याखेरीज काय म्हणणार? काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि मुळात घ्यायचं की नाही, हे इथे विकणाराच ठरवतो. रुग्णसेवा इतर बाजारांसारखी का चालत नाही, हे अमेरिकी अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. उपचार होऊन गेल्यावरही ते गरजेचे होते की नाही, हे रुग्णाला बहुधा कळतच नाही.

या अंधाराची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसली. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली. तोवर असे स्टेंट लाखाच्या वरही विकले जात होते आणि नफ्याचा मोठा वाटा रुग्णालयांकडे जात होता. कंपन्यांत स्पर्धा होती. पण ती रुग्णाला स्वस्त देण्यासाठी नव्हे, रुग्णालयाला जास्त मार्जिन देण्यासाठी. सिझेरियनचे आकडेही विचार करायला लावतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार त्यांचं प्रमाण सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के होतं. सगळं खापर लोभावर फोडता येणार नाही. काही जणी स्वतःच सिझेरियन मागतात. पण गुंतागुंतीच्या कितीतरी केसेस शेवटी सरकारी रुग्णालयातच पाठवल्या जातात, हेही खरं; मग प्रमाण तिथे जास्त दिसायला हवं होतं. "बाळाचे ठोके कमी होताहेत" असं ऐकल्यावर घरचं कुणी वाद घालत नाही, कारण ते पडताळण्याचं साधन त्यांच्याकडे नसतं.

यावर डॉक्टर म्हणतात, सांगून रुग्णाला कळणार आहे का? इंटरनेटवर वाचून आलेला रुग्ण उलट जास्त घाबरतो. हे मान्य, ईसीजी वाचणं डॉक्टरांचंच काम, त्यासाठीच तर आपण त्यांच्याकडे जातो. पण खर्च किती, दुसरा उपाय कोणता, महिनाभर थांबलं तर काय होईल आणि रुग्ण पाठवणाऱ्याला कट मिळतो का, हे समजायला पदवी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये बजावलं, की जिवावर बेतलं नसेल तर तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी चालत नाही आणि धोके व पर्याय सांगूनच संमती घ्यायला हवी.

नियम आहेतच. मागितल्यावर केसपेपर ७२ तासांत द्यायचा नियम २००२ पासून आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं. पण भिंतीवरच्या दरांवरून बायपासचं अख्खं बिल किती होईल याचा अंदाज येत नाही, आणि स्टेंटचा भाव बांधला तरी बाकीचे आकार मोकळेच राहतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पॅकेजचा दर आधीच ठरलेला असतो आणि विचारायला आरोग्यमित्र असतो. खिशातून पैसे भरणाऱ्यालाही निदान ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेआधी मराठीत लेखी अंदाजपत्रक मिळावं आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यासाठी रिपोर्ट हातात पडावेत. छोट्या नर्सिंग होमवर कागदपत्रांचा बोजा पडेल, ही तक्रार फारशी टिकत नाही; डिस्चार्जच्या दिवशी जे बिल छापायचं, त्याचाच अंदाज आधी द्यायचा आहे. शिवाय माहिती दडवली की संशय वाढतो, आणि संशय वाढला की हात उगारणारे नातेवाईक कट घेणारा आणि न घेणारा असा भेद करत नाहीत. म्हणून माहिती उघडी ठेवण्याचा आग्रह रुग्णांइतकाच प्रामाणिक डॉक्टरांनीही धरायला हवा.