चेटकिणी, वादळ आणि राजाचा हात

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणी १६०६ च्या सुमारास प्रेक्षकांना निव्वळ नाटकी वाटल्या नसणार. इंग्लंडच्या सिंहासनावर बसलेला, मूळचा स्कॉटलंडचा राजा जेम्स स्वतः चेटकावर विश्वास ठेवत होता. १५९० मध्ये तो डेन्मार्कहून नववधूला घेऊन येताना समुद्रात वादळं उठली, आणि ती स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिक परिसरातल्या चेटकिणींनी उठवली असा आरोप झाला. ॲग्नेस सॅम्पसन या सुईणीची चौकशी राजानं जातीनं केली. छळानंतर तिनं कबुली दिली. तिचा गळा आवळून देह जाळण्यात आला. चेटकिणी चाळणीत बसून समुद्रावर गेल्याचंही त्या प्रकरणावरच्या पुस्तिकेत छापलं गेलं. नाटकातली पहिली चेटकीण अशाच चाळणीतून निघण्याची भाषा करते, तेव्हा मला त्या सुईणीची आठवण टाळता येत नाही. जेम्सनं पुढे १५९७ मध्ये चेटकावर ग्रंथच लिहिला.

राजा हा ईश्वराचा प्रतिनिधी, त्याच्या स्पर्शानं गंडमाळा बऱ्या होतात, अशीही श्रद्धा होती. म्हणून नाटकात मॅकबेथ राजा डंकनचा खून करताच निसर्ग बिथरतो, घोडे एकमेकांना खातात.

इतिहासातल्या मॅकबेथनं मात्र १०४० मध्ये डंकनला लढाईत मारलं आणि १७ वर्षं राज्य केलं. जेम्सचं घराणं ज्याला मूळपुरुष मानी, तो बँको, नाटकातला मॅकबेथचा साथीदार, बखरकारांची निर्मिती. बखरीत तो डंकनच्या खुनात सामील आहे. शेक्सपिअरनं त्याला निर्दोष केलं.

मराठीत वि. वा. शिरवाडकरांनी हे नाटक ‘राजमुकुट’ नावानं आणलं.