मराठी द्या, इंग्रजी घ्या

नागपूरच्या बी.एड.वाल्यांना इंटर्नशिप म्हटलं की जवळची शाळा, पाठ टाचणं आणि २० आठवड्यांची हजेरी आठवते. परदेशी शिकत-शिकवत राहण्याची वाट मात्र मराठीत जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या देवाणघेवाणीच्या बोलीवर: वाँटेजच्या मठातल्या, पुण्याला येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवायचं, बदल्यात राहणं-जेवण आणि इंग्रजी. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या विद्यार्थिनीही होत्या आणि संस्कृतच्या शिक्षिकाही. पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा बिशपमंडळी बिथरली. मायदेशी पुरुषांना शिकवताना कोणी अडवलं नव्हतं, असं रमाबाईंनी पत्रातून सुनावलं. (बिशपांशी असं बोलायची तिथे रीत नसावी!) डॉक्टर होण्याचा बेत बहिरेपणामुळे बारगळला, शिक्षणाच्या ते पथ्यावरच पडलं. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, तिथे फ्रोबेलची बालशिक्षण पद्धती शिकल्या आणि मुलांसाठी मराठी क्रमिक पुस्तकंही तयार करू लागल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांचं शारदा सदन उघडलं. तिथे लवकरच दाखल झालेली बालविधवा गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे.